हेडफोन घाला म्हणे!

खराडी_अकाउंट्स: एका एचआरवाल्या बाईंची पोस्ट सकाळपासून ग्रुपवर फिरतेय. 'ऑफिसमधला आवाज म्हणजे एनर्जी, त्रास होत असेल तर हेडफोन घाला.' माझ्या खुर्चीमागे सेल्सची टीम बसते, कॉल स्पीकरवर. काल व्हेंडरची बिलं जुळवताना १८,४०० चे मी १४,८०० केले, कारण मागे कुणीतरी भलतेच आकडे मोठ्यानं वाचत होतं. एसीची घरघर चालते, तिची सवय होते. कळणारं बोलणं मात्र डोक्यात शिरतंच. इव्हान्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००० साली ४० कारकून बायकांवर प्रयोग केला. तीन तास ऑफिसच्या बेताच्या आवाजात बसलेल्यांच्या लघवीत अ‍ॅड्रेनलिन, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढलं, न सुटणारी कोडी सोडवायचे प्रयत्न त्यांनी कमी केले. विचारल्यावर मात्र ताण जास्त वाटल्याचं त्यांनी सांगितलं नाही. तेव्हा 'कुणाची तक्रार नाही' हे मला सांगू नका.

भोसरी_प्रेसशॉप: ताई, पत्रा ठोकणाऱ्या पॉवर प्रेसशेजारी एक शिफ्ट उभ्या राहा, मग बोलू. २२ वर्षं झाली. डाव्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजते. कारखान्याला आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल, तीही कागदावर. मुलगी मागून हाक मारते, मला कळत नाही. तुम्हाला गप्पांचा त्रास!

खराडी_अकाउंट्स: दादा, तुमचा कान गेला म्हणून माझं डोकं दुखायचं थांबतं का? कान जाणं वेगळं, ताण वेगळा.

नारायणपेठी: तुम्हाला निदान घरी तरी शांतता आहे. मी घरून काम करतो. गणपतीआधी महिना-दीड महिना नदीपात्रात ढोलांचा सराव, क्लायंटचा कॉल नेमका सातला. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलचा नियम आहे, विचारतो कोण?

ताशा_वादक: आलेच! वर्षभर हॉर्न चालतात, ढोल तेवढा खुपतो. तुमच्या मीटिंगसाठी गणपती मुकाट न्यायचे का?

नारायणपेठी: बाप्पाला मध्ये आणू नका. मीही मंडळात वर्गणी फिरवलीय. आईचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात खिडकीची तावदानं थरथरत होती, आई रडत होती. हात जोडून सांगायला गेलो, तर 'पेठ सोडा' म्हणाले.

ताशा_वादक: तसं म्हणणारा चुकला. आईंबद्दल वाईट वाटलं. पण सराव बंद होणार नाही.

भोसरी_प्रेसशॉप: ताशावाले, सरावाला कानात बोळे घालता का?

ताशा_वादक: नाही. ताल कळत नाही मग.

भोसरी_प्रेसशॉप: मीही हेच म्हणायचो, मशीनचा आवाज कळत नाही म्हणून. सरावानंतर कानात गुंई होतं ना? माझं तिथूनच सुरू झालं. गेलेला कान परत येत नाही, मित्रा. आजपासून घाला.

ताशा_वादक: …होतं. बघतो.

भोसरी_प्रेसशॉप: आणि ताई, एक मान्य करतो, पटत नसलं तरी. आमच्याकडे गेल्या वर्षी प्रेसखाली रबरी पॅड बसवले, हवेच्या नळीला सायलेन्सर लावला, तेव्हा कुठे शेजारच्याशी न ओरडता बोलता आलं. आधी मशीन गप्प करायचं, कान झाकायचे शेवटी. तुमच्या एचआरवाल्या बाई उलट्या बाजूनं सुरू करतायत.

खराडी_अकाउंट्स: हेच तर म्हणतेय पहिल्यापासून! आमच्याकडे दोन मीटिंग रूम दिवसभर रिकाम्या असतात. सोमवारी लेखी मागणार, सेल्सचे कॉल तिथून. दादा, तुम्ही कान तपासून घेतलात का?

भोसरी_प्रेसशॉप: नाही अजून. मुलगी मागे लागलीय.