लात्रूनच्या फोटोंवरून रंग नको
वरच्या चर्चेत शोत काल या इस्रायली रणगाड्याच्या छोट्या मॉडेलचा रंग इस्रायलमधल्या लात्रूनच्या रणगाडा संग्रहालयातल्या फोटोंवरून जुळवायचं चाललंय. नका हो! ते रणगाडे वर्षानुवर्षं उघड्यावर उन्हात उभे आहेत. १९७३ च्या युद्धातल्या रणगाड्याचं मॉडेल असेल तर त्या काळचे रंगीत फोटो बघा, आणि एकाच फोटोवर विसंबू नका. फिल्मगणिक छटा बदलते. इस्रायली रणगाड्यांसाठी मिळणाऱ्या ‘सिनाई ग्रे’ रंगाच्या बाटल्यांचंही तेच, एक करडी तर दुसरी हिरवटाकडे झुकलेली.

मला विचाराल तर रंगापेक्षा धूळच जास्त बोलते. गोलान पठाराचा दगड आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्ट, त्यामुळे माती गडद तपकिरी. सिनाई वाळवंटाची वाळू फिकट पिवळसर. गोलानच्या शोत कालच्या चाकांवर, पट्ट्यांवर सिनाईची पिवळी पूड फासली की बाकीची मेहनत पाण्यात. आणि १/३५ प्रमाणातल्या मॉडेलला मूळ रंगात थोडा बफ (फिकट पिवळट तपकिरी रंग) मिसळा, नाहीतर वॉश (पातळ गडद रंगाचा हात) दिल्यावर सगळं काळपट दिसतं.