सोशल मीडियातून रजा: एकट्याने घ्यायची की गावाने मिळून?

दुपारची झोप (धागाकर्ता)

मोहित्यांचे वडगाव हे नाव २०२२ साली बऱ्याच जणांनी बातम्यांत वाचलं असेल. सांगली जिल्हा, कडेगाव तालुका, वस्ती तीनेक हजार. त्या वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावाने ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद, आणि साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुरू. करोनात शाळा मोबाईलवर भरली, पुढे शाळा उघडली तरी पोरांच्या हातचा मोबाईल सुटेना, तिथून हे निघालं. हे जमेल का, अशी शंका सुरुवातीला होतीच. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी घरोघर फिरले.

माझं मत असं, की सोशल मीडियातून रजा घ्यायची तर अशीच, सगळ्यांनी मिळून. एकट्यादुकट्याची रजा म्हणजे घरात पंगत बसलेली असताना आपण एकट्याने धरलेला उपास. आपण बाहेर पडलो म्हणून ग्रुप थोडाच थांबतो? उद्या पाणी येणार नाही, ते ग्रुपवर. भाचीच्या साखरपुड्याचा हॉल बदलला, तेही ग्रुपवर. आणि वर ऐकून घ्यायचं, "अहो, टाकलं होतं की!" मग माणूस गुपचूप ॲप परत घेतो. वडगावात त्या दीड तासात कोणी काही पाठवतच नाही, त्यामुळे चुकतही काही नाही. मनाचा निग्रह वगैरे लागतच नाही तिथे.

विरोधी मतं येऊ द्यात.

तर्कटराव

असहमत. एकट्याने होत नाही हे कशावरून? अमेरिकेत २०१८ च्या मध्यावधी निवडणुकीआधी स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला. अडीच हजारांहून जास्त फेसबुकवाले घेतले आणि त्यातल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून चार आठवडे खातं बंद ठेवायला लावलं. त्यांचे मित्र-नातेवाईक फेसबुकवरच होते. तरी दिवसाचा साधारण तासभर सुटला. तो घरच्यांत, मित्रांत आणि टीव्हीपुढे गेला (हो, टीव्हीपुढेही). समाधान किंचित वाढलं. किंचितच, आयुष्य उजळलं वगैरे काही नाही. बातम्यांची माहिती कमी झाली, पण राजकीय टोकाची मतंही जरा खाली आली. आणि महत्त्वाचं म्हणजे प्रयोग संपल्यावरही ती मंडळी फेसबुक कमीच वापरत होती.

"सगळ्यांनी मिळून"चं काय होतं तेही आपण पाहिलंय. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. अख्खा देश एका झटक्यात टिकटॉकमुक्त! ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि बांधावर नाचणारी सगळी मंडळी तिकडे गेली. भोंगा वाजवून सवय जात नाही.

दुपारची झोप

तर्कटराव, त्या लोकांना खातं बंद ठेवायचे शंभरावर डॉलर मिळाले होते, ते सोयीस्कर विसरलात. मलाही कोणी महिन्याचे सात हजार दिले तर मी फोन माळ्यावर टाकतो. आणि टिकटॉक दिल्लीहून बंद झालं. चावडीत बसून लोकांनी ठरवणं वेगळं.

तर्कटराव

पैसे चार आठवड्यांचे होते. पुढे कोणी दमडी देत नव्हतं, तेव्हाही वापर कमी राहिला. त्याचं उत्तर द्या.

मेथीची जुडी

दोघांचंही चालू द्या. मी डोंबिवलीत पुरणपोळ्या आणि फराळाच्या ऑर्डरी घेते. दुकान नाही, पाटी नाही, जाहिरात म्हणजे व्हॉट्सॲपचं स्टेटस. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास तव्यावरच्या पोळीचा फोटो टाकायचा, कारण तेव्हा बायका मुंबईहून परतीच्या लोकलमध्ये असतात आणि उद्याचा विचार तिथेच चालू असतो. "ताई, शनिवारी वीस मिळतील का? कमी गोड." हा मेसेज सात ते साडेआठच्या मधलाच. उशिरा उत्तर दिलं तर ऑर्डर दुसरीकडे जाते. मला रजा परवडत नाही. पगार महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडतो, त्यांनी घ्यावी.

दुसरं, झोपराव, सात ते साडेआठ ही वेळ कोणाची हो? त्या वेळी बाईच्या हातात मोबाईल असतो कुठे, लाटणं असतं. पोरं अभ्यासाला बसली, पुरुष पारावर गप्पा मारायला गेले, छान झालं. बाईची मोबाईलची वेळ ओटा पुसून, दूध तापवून, कुकरला डाळ भिजत घालून झाल्यावरची. भोंगा तिच्यासाठी वाजतच नाही.

दुपारची झोप

मेथीताई, तिथे महिलांच्या ग्रामसभेतही हा विषय झाला होता, बायकांचा पाठिंबा होता असं वाचलंय. बाकी मुद्दा मान्य आहे असं म्हणवत नाही, पण खोडताही येत नाही.

मेथीची जुडी

पाठिंबा असणारच! पोरं अभ्यासाला बसतात म्हटल्यावर कोणती आई नाही म्हणेल? ती सुट्टी पोरांची. तिला "बाईचीही रजा" म्हणू नका, एवढंच.

गणिताचा तास

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मला रजेच्या गप्पा ऐकल्या की हसू येतं. "माहिती तात्काळ भरून पाठवावी" हा आदेश ग्रुपवर येतो, लिंकसकट. वृक्षारोपणाचे फोटो ग्रुपवर, पोषण आहाराचे फोटो ग्रुपवर. खड्ड्यात रोप ठेवायच्या आधी कोपऱ्यात कोणीतरी फोन धरून उभा, "सर, जरा इकडे बघा, बॅनर दिसू द्या." मी ग्रुपमधून बाहेर पडलो तर रजा नव्हे, कारणे दाखवा नोटीस मिळेल.

तरीही वडगावच्या बाजूने मत देतो. तिथे कोणाचा फोन काढून घेतला नाही, फक्त वेळ ठरवली. उलट यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सीने त्याच वर्षी नोव्हेंबरात अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद, असाच ठराव केला. हेतू चांगला, पण अकरावी-बारावीच्या पोराने फॉर्म कुठे भरायचा, शिष्यवृत्तीची यादी कुठे बघायची? आणि पकडला गेला की बोलणी कोणाला, तर त्याला आणि त्याच्या आईबापाला. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद केली, त्यात मुलाला किंवा पालकांना दंड नाही. कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. तो कायदा कितपत चालेल ते चालेल, पण दंड कोणाकडून घ्यायचा हे त्यांनी बरोबर ओळखलं.

तर्कटराव

गुरुजींशी या बाबतीत सहमत. (नोंद घ्यावी, असं वारंवार होत नाही.)

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आई विट्याला एकटी असते. तिथले सात म्हणजे इथले सकाळचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी व्हिडिओ कॉल करतो. तिची दिवाबत्ती झालेली असते, माझी कॉफी हातात असते. दिवसातली तीच एक वेळ दोघांना जमते. भोंगा विट्यात आला तर आमचं बोलणं गेलं. मुळात व्हॉट्सॲप हा सोशल मीडिया धरायचा का, ते आधी ठरवा.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम तिन्ही सहाएक तास बंद पडलं होतं. तुमच्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते, म्हणजे जगाला आपोआप मिळालेली सामुदायिक रजाच. आईला वाटलं तिचाच फोन बिघडला. शेजारच्या पोराला बोलावून तिने तो दोनदा बंद-चालू करून घेतला, मग मी साधा फोन लावला तेव्हा जिवात जीव आला. आणि बाकी जग काय करत होतं? ट्विटरवर जाऊन "व्हॉट्सॲप बंद आहे का" विचारत होतं.

दुपारची झोप

अहो एडिसनकर, फोन वाजला तर उचलू नका असं कोण म्हणतंय? आईशी बोलणं वेगळं आणि अंगठ्याने तासभर रील्स सरकवणं वेगळं. मात्र रेघ मारायची कुठे, ते सांगणं अवघड आहे हे खरं. आईशी बोलून झालं की तोच अंगठा पुढे स्टेटसवर जातो. निदान माझा तरी जातो.

एडिसनकर

माझाही. पण तो माझा प्रश्न आहे, ग्रामपंचायतीचा नाही.

खालच्या मजल्यावरचा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीने मधला मार्ग काढून पाहिला. गाव नाही, भोंगा नाही (भोंगा लावला असता तर दुसऱ्या दिवशी ध्वनिप्रदूषणाची तक्रार). ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन रात्री दहा ते सकाळी सात फक्त ॲडमिनला लिहिता येईल असं केलं. पहिल्याच सभेत दीड तास भांडण. लिफ्ट अडकली तर? अडकलेल्याने ग्रुपवर टाइप करायचं की वॉचमनला फोन, यावर दोन काका एकमेकांशी अजून बोलत नाहीत. एका गृहस्थांनी तर सुप्रभाताचं फूल पहाटे पाचलाच टाकायचं असतं म्हणून पर्यायी ग्रुप काढला. त्यात आता सभासद जास्त आहेत.

पण एक झालं. रात्री अकराला पार्किंगवरून जी जुंपायची, ती बंद झाली. सकाळी सातला राग तेवढा उरत नाही, शिवाय कामावर पळायचं असतं. झोपरावांच्या बाजूने अर्धा गुण द्या.

दुपारची झोप

घेतला. हेच म्हणतोय मी. ज्याचं त्याने ठरवलं असतं तर ते भांडण रोज झालं असतं, कारण भांडायला दोघंच पुरतात. तर्कटरावांच्या मुद्द्याचं उत्तर राहिलं. एकट्याला जमत असेलही, पण त्याला आधी कोणीतरी चार आठवडे धरून बसवावं लागलं. तुमचे अर्थशास्त्रज्ञ तिथला भोंगाच की हो.

तर्कटराव

भोंगा सगळ्यांना ऐकू जातो. पैसे स्वतःच्या सहीने घेतले होते, नको त्याने नाही म्हणायची मोकळीक होती. वडगावात एखाद्याने सात वाजता टीव्ही चालू ठेवला तर शेजारी काय म्हणतील, हे तुम्हालाही माहीत आहे. लहान गावात दंडाची गरजच नसते. मला त्याचीच भीती वाटते.

गणिताचा तास

शेजारी काय म्हणतील या धाकावरच तर आमच्याकडे हागणदारीमुक्तीचा कार्यक्रम तडीस गेला. सगळाच धाक वाईट नसतो, तर्कटराव. मात्र गावात आठ-दहा घरं अशी असतात की ज्यांना सगळं आधी लागू होतं, आणि दोन घरं अशी की ज्यांना कधीच होत नाही. पुढाऱ्याच्या घरचा टीव्ही बंद झाला का, ते मी पहिल्यांदा बघेन.

मेथीची जुडी

खालच्या मजल्यावरचे भाऊ, तुमच्या सोसायटीत ठराव रात्री दहाचा कोणी सुचवला हो? आमच्याकडे कोणी असं काही आणलं तर मी दुपारी दोन ते चार सुचवणार आहे. तेव्हा पुरुष ऑफिसातून ग्रुपवर राजकारण करत असतात.