जुना संगणक: आधी हार्ड डिस्क बदला, मग भंगाराचं ठरवा

यंत्रवेडा
आठ-दहा वर्षांचा संगणक हळू चालू लागला की "आता नवीनच घे" हा सल्ला लगेच मिळतो. माझं ठाम मत आहे की यातले बरेचसे संगणक निकामी झालेले नसतात. त्यांच्यात फिरती हार्ड डिस्क असते, एवढंच.

खात्री करून घेणं सोपं आहे. मशीन सुरू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर (कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली आणि प्रोसेसर मात्र निवांत, असं दिसलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये वाचणारं हेड जागेवर सरकायला आणि तबकडी फिरून यायला दर वेळी १० ते १५ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणचं वाचन. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाईली वाचल्या जातात, मग ताटकळणं आलंच. एसएसडीला, म्हणजे फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात जमतं. त्यामुळे सेकंदाला ३ गिगाबिटच्या जुन्या साटा पोर्टवरही (जिथे डिस्क जोडतात) फरक डोळ्यांना दिसतो. फायदा सलग वेगाचा कमी आणि शोधाशोध संपल्याचा जास्त असतो.

सरळमार्गी
डिस्कबद्दलचं सगळं मान्य, पण निष्कर्ष अजिबात पटला नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या सुरक्षित ठेवणारी यंत्रणा) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर मोजके अपवाद सोडून आठव्या पिढीचा किंवा पुढचा. म्हणजे तुमच्या आठ-दहा वर्षांच्या मशीनपैकी बहुतेक बाहेर. सुरक्षा अपडेट्स न मिळणारं मशीन झटपट सुरू होतं याचा आनंद कसला मानायचा?

शिवाय खर्च एसएसडीवर थांबत नाही. आज डिस्क, पुढे रॅम, मग बॅटरी, मग बिजागरी. त्यात डीडीआर३ ही जुन्या प्रकारची रॅम विकत घेतली तर ती पुढच्या मशीनमध्ये बसतही नाही.

यंत्रवेडा
डीडीआर३ चं खरं आहे. पण अडीच इंची एसएसडी वाया जात नाही. उद्या मशीन बंद पडलं तर यूएसबी केसमध्ये घालून बॅकअपला वापरता येते. आणि अपडेट्स हवेत तर विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम लिनक्स मिंट आहे ना! दस्तऐवज, ब्राउझर, ईमेल यासाठी ते पुरून उरतं.

चौकस
रॅमचा मुद्दा दोघांनीही उडवून लावला. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की उरलेला पसारा डिस्कवर टाकला जातो. एसएसडी घातली तर हे कमी जाणवेल, पण ती रॅमची बरोबरी करू शकत नाही. मी तरी दोन्ही एकदम करा म्हणेन.

मात्र घेण्याआधी तपासा: स्लॉट मोकळा आहे की रॅम बोर्डालाच डकवलेली आहे, मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो, आणि लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते की १.५ व्होल्टची साधी डीडीआर३. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जाणार नाही, आधी ६४ बिट घालावं लागेल.

रात्रपाळी
सरळमार्गी यांच्या बाजूने एक अनुभव. माझ्या पाचव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, ८ जीबी रॅम आहे. सुरू लगेच होतो, पण व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवायला घेतली की पंखा बोंबलायला लागतो आणि समोरच्याला माझा आवाज तुटक ऐकू जातो. ऑनलाइन व्हिडिओतही तेच. व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ दाबून लहान करायचे प्रकार. व्हीपी९ पूर्णपणे उलगडण्याची सोय इंटेलच्या ग्राफिक्समध्ये सातव्या पिढीपासून आली, एव्ही१ ची अकराव्या पिढीपासून. त्याआधीच्या मशीनवर हा भार प्रोसेसरवर पडतो. ही उणीव कुठलीही डिस्क भरून काढत नाही.

यंत्रवेडा
@रात्रपाळी, व्हिडिओचा मुद्दा बिनतोड आहे, त्या कामाला नवीनच मशीन हवं. तरी पंखा आणि हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) साफ करून, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट बदलून बघा. पेस्ट वाळली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. तो गेलेला वेग तरी परत मिळेल.

सरळमार्गी
लिनक्सबद्दल राहिलं. तुम्हाला जमतं, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना ते बसवून दिलं की प्रिंटर चालला नाही, डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, असे सगळे फोन तुम्हालाच येणार. तुमच्या वेळेची किंमत हिशेबात धरायला हवी.

मातीशी
लॅपटॉपमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो, वापरताना लागणाऱ्या विजेचा वाटा त्यामानाने कमी. चालतं मशीन आणखी तीन-चार वर्षं ओढलं तर तो भार तेवढ्या वर्षांवर वाटला जातो. हेही हिशेबात धरा.

नवखा_वाचक
माझ्याकडे सहाव्या पिढीचा आय५, ४ जीबी डीडीआर४, १ टीबी हार्ड डिस्क. टायपिंग, ब्राउझर आणि बँकेची कामं. डिस्क हल्ली कधीकधी टकटक आवाज करते. काय करू?

यंत्रवेडा
टकटक म्हणजे डिस्क जायच्या बेतात असू शकते. बाकी सगळं बाजूला ठेवून आजच महत्त्वाच्या फाईली दुसरीकडे उतरवा. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये 'रीॲलोकेटेड सेक्टर्स' (खराब झाल्याने बदललेल्या जागा) बघा. आकडा वाढत असेल तर क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करत बसू नका, नव्या एसएसडीवर कोरी सिस्टीम घाला. रॅम ८ जीबी करा, मिंट घाला. तुमच्या कामाला हे मशीन आरामात पुरेल.

सरळमार्गी
फाईली उतरवा, याला शंभर टक्के अनुमोदन. पुढचं नाही. बँकेची कामं विंडोजवरच करायची असतील तर या मशीनवर खर्च करू नका. लिनक्स स्वतः सांभाळायची तयारी असेल, तरच यंत्रवेडा म्हणतात तसं करा.

चौकस
@नवखा_वाचक, आधी मिंट पेनड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालवून बघा, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. तुमचा प्रिंटर आणि बँकेची साइट त्यावर चालली तरच एसएसडी मागवा.