ओमानी पाहुणे येणार आहेत, त्यांची कॉफी घरी कशी करायची?

मनीषनगरची_गृहिणी
आमच्या यांचे मस्कतचे जुने साहेब पुढच्या महिन्यात नागपुरात येऊन राहिले आहेत. एक संध्याकाळ आमच्याकडे आहेत. हे तिथे एकटे राहायचे तेव्हा दर ईदला साहेबांनी घरी बोलावलं, स्वतः उभं राहून कॉफी पाजली. आता त्यांना आपल्या घरी तीच कॉफी मिळावी अशी माझी फार इच्छा आहे. तिकडून आणलेला पितळी दल्ला (लांब चोचीचं कॉफीचं भांडं) शोकेसमध्ये आहे. दुकानातली फिल्टर कॉफीची पावडर विलायची टाकून उकळली तर चालेल का? दूध-साखर अजिबात नाही का? आणि द्यायची कशी, ट्रे फिरवायचा का?

सदरचा_चहावाला
चालते ना ताई. विलायची भरपूर टाका, वास आला की झालं.

धंतोली_रियाध
ताई, फिल्टर पावडर नका घेऊ. तिच्यात बहुतेकदा चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) असते आणि बियाही काळपट भाजलेल्या असतात. ती पंधरा मिनिटं उकळली तर कडू काढाच होईल, विलायची कितीही टाका.

मी बरीच वर्षं रियाधला होतो. तिथली कॉफी जवळजवळ सोनेरी दिसते, इतकं कमी भाजतात. ओमानात सहसा थोडं जास्त भाजतात, म्हणून तुम्ही बदामी रंगावर थांबा. चिकमंगळूरकडच्या अरेबिकाच्या कच्च्या, हिरव्या बिया ऑनलाइन मिळतात. लोखंडी कढईत मंद आचेवर सतत हलवत भाजा. आधी पिवळ्या होतात, गवतासारखा वास जातो, मग तडतडायला लागतात. तडतड सुरू झाली की थोड्याच वेळात उतरवून लगेच ताटात पसरा, नाहीतर कढईच्या उष्णतेनेच पुढे भाजत जातात. सुपात पाखडून टरफलं काढा. हलक्या भाजलेल्या बिया फार कडक राहतात, खलबत्त्यात हात दुखतील. मिक्सरवर थांबून थांबून जाडसर रव्याएवढं करा.

एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम पूड. पाणी उकळलं की पूड घालून आच अगदी बारीक करा, १०-१५ मिनिटं राहू द्या. गाळ बसला की वरचं निवळ पाणी थर्मासमध्ये ओता. ठेचलेली हिरवी विलायची, दोन मोठे चमचे, आणि केशराच्या काड्या आधीच थर्मासमध्ये टाकून ठेवायच्या. विलायची कॉफीबरोबर उकळत ठेवली तर तिचा वास वाफेबरोबर निघून जातो. ओमानी घरात कधीकधी गुलाबजलही घालतात, एक छोटा चमचा पुरे. दूध नाही, साखर नाही. गोड असतो तो खजूर, तो आधी द्यायचा.

दल्ल्याला आतून कल्हई आहे का ते नक्की पाहा. नसेल तर त्यात कॉफी ओतू नका, शोभेला मांडा आणि थर्मासमधून वाढा. आखाती देशांतल्या घरांतही आज थर्मासच असतो.

आता वाढणं. खरं अगत्य इथेच आहे. भांडं डाव्या हातात, पेला उजव्या हातात, आणि वाढणारा उभा. सुरुवात साहेबांपासून. पेले बिनकानाचे, छोटे. ते पाव भागच भरा, फार तर तिसरा हिस्सा. आपण विदर्भातले लोक पाहुण्याचा कप काठोकाठ भरतो आणि त्यातच मान समजतो. तिथे भरलेला पेला म्हणजे 'पी आणि नीघ' असं वाटू शकतं. थोडी ओतली की गरम राहते आणि यजमानाला पुन्हा पुन्हा पाहुण्याजवळ यावं लागतं. पेला रिकामा दिसला की विचारायचं नाही, ओतायचं. पुरे झालं की साहेब पेला हलकेच हलवतील, तेव्हा परत घ्या. तीनपर्यंत घेणं रीतीला धरून आहे. ट्रे फिरवून टेबलावर ठेवून दिलात तर यातलं काहीच होत नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. २०१५ मध्ये युनेस्कोने अरबी कॉफीची वारसा यादीत नोंद केली ती सौदी, अमिरात, ओमान आणि कतार यांच्या एकत्र अर्जावर, आणि उदारतेचं प्रतीक म्हणून.

इतवारीवाली
विलायची आणि केशर किराणा ओळीत घ्या. विलायची हिरवीगार, जाड दाण्याची मागा, पांढरट पडलेली नको. खजूर मोमिनपुऱ्यात पाहा.

मनीषनगरची_गृहिणी
@धंतोली_रियाध खूप आभार दादा. कल्हई जागोजागी उडाली आहे, म्हणजे थर्मासच. दोन गोष्टी राहिल्या: यांच्याऐवजी मी वाढलं तर चालेल का? आणि खजुरासोबत संत्रा बर्फी ठेवू का?

धंतोली_रियाध
बर्फी जरूर ठेवा. ओमानी लोक कॉफीसोबत हलवा देतातच, तुपातला, केशर-विलायचीचा, त्यामुळे त्यांना आवडेल. फक्त खजूर आधी. वाढायचं मात्र यांना सांगा. साहेबांनी स्वतः उभं राहून त्यांना पाजली आहे ना, मग यांनीच उभं राहावं. बिया आजच मागवा आणि पाहुण्यांच्या आधी एकदा घरच्यांसाठी करून पाहा, भाजण्याचा रंग हाताला बसेल.