मदत हवी आहे: जुन्या नाशकातला १४ बाय ११ चा चौक, ऊन कमी, पाणी फार

चौकातली_तुळस

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

आमचं घर जुन्या नाशकात. मूळ वाडा, वाटण्या होत होत आमच्याकडे मागच्या दोन खोल्या, पडवी आणि एक चौक राहिला. चौक दक्षिणोत्तर १४ फूट, पूर्व-पश्चिम ११ फूट. पश्चिमेला आमची पडवी, पूर्वेला शेजाऱ्यांची दोन मजली भिंत, दक्षिणेला चुलत दिरांच्या बाजूची १२ फुटी भिंत, उत्तरेला कमरेएवढं कंपाउंड आणि पलीकडे बोळ. खाली कोणे एके काळी केलेला सिमेंटचा कोबा. पावसाळ्यात आग्नेय कोपऱ्यात इंचभर पाणी दोन-दोन दिवस तसंच राहतं, दिवाळीपर्यंत शेवाळ.

पाहुणे आले की म्हणतात, "काय छान जागा आहे हो!" आणि ते गेले की आम्ही तिथे गाद्या वाळत घालतो.

दोन वर्षांपूर्वी एका बागकाम करणाऱ्याला बोलावलं होतं. त्याने कोब्यावरच चार इंच माती पसरून हिरवंगार लॉन टाकून दिलं. गणपतीत लोकांनी फोटो काढले. संक्रांतीला ते लॉन पिवळं, होळीला गेलेलं. अकरा हजार गेले आणि माती पावसात वाहून पडवीत आली ती वेगळीच. फोन केला तर म्हणाला, "ताई, तुम्ही पाणी कमी घातलं." घ्या.

आता हवं आहे ते असं: सासूबाईंना तुळस (दर पौषात काळी पडते, मग माघात नवीन आणायची, हा आमचा वार्षिक कार्यक्रम), मला सकाळी चहा घेऊन बसायला कोपरा, आणि जमलं तर एखादं वासाचं फुलझाड. मुलाची सायकलही तिथेच लागते. बजेट तीस हजारांपर्यंत. गंगापूर रोडच्या नर्सऱ्या फिरून आले, तिथे सगळंच सुंदर दिसतं. कोणती झाडं घेऊ?

झोपाळा_प्रेमी

एक झोपाळा टांगा. बाकी सगळं आपोआप सुचेल.

चौकातली_तुळस

कशाला टांगू? आकाशाला? :)

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, झाडांची यादी नंतर. आधी येत्या रविवारी खडू घेऊन चौकात उतरा. दहा, बारा, पाऊण, अडीच, अशा वेळांना सावलीची कड जिथे असेल तिथे रेघ मारा आणि बाजूला वेळ लिहा. पाऊण मुद्दाम म्हणतोय. आपलं घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशावर लावलेलं आहे, आपण त्याच्या पुष्कळ पश्चिमेला. त्यामुळे जानेवारीत नाशकात सूर्य सगळ्यात वर येतो तो पाऊण वाजण्याच्या सुमाराला.

आता हिशोब. नाशिक २० अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या वर जात नाही. तुमच्या १२ फुटी दक्षिण भिंतीची सावली तेव्हा साडेअकरा फुटांच्या जवळपास पडणार. चौदातून वजा करा: उत्तरेच्या कडेला जेमतेम अडीच फुटांची पट्टी उन्हात. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस येतो, तेव्हा त्याच भिंतीची दुपारी वीतभरसुद्धा सावली नाही आणि कोबा तव्यासारखा तापतो. हिवाळ्यातला चौक वेगळा आणि उन्हाळ्यातला वेगळा असं धरूनच चाला. लॉन का मेलं ते यात आलं. बिचाऱ्याला ऑक्टोबरनंतर ऊनच दिसलं नाही. तुळशीचंही तेच असणार. तुळस कुठे ठेवता?

दुसरी गोष्ट पाण्याची. जुन्या वाड्याचा चौक ओट्यापेक्षा खाली असतो. चारही बाजूंच्या पागोळ्या त्यात पडायच्या, मग ते पाणी जायचं कुठे? वाट असणारच. कोब्याखाली बुजली असेल. नवीन पाइपचा खर्च करण्याआधी ती शोधा.

चौकातली_तुळस

काका, तुळस दक्षिण भिंतीच्या पायाशी आहे! नळ तिथे आहे म्हणून. पाणी घालायला सोपं. आता लाज वाटते आहे.

घमेलं

लाज कसली. निम्म्या नाशकात तुळस नळाजवळच असते. पण थंडीत तिला सावली, गार रात्र आणि रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम, तिन्ही एकदम मिळतं. मुळं कुजतात. उत्तरेच्या पट्टीत न्या, थंडीत दोन बोटं माती खाली कोरडी लागली तरच पाणी घाला आणि मंजिऱ्या खुडत राहा. पूजेचं पाणी सासूबाईंना घालायचंच असेल तर पळीभर.

मी पंचवटीत राहते, माझाही चौक असाच, फक्त उजवा-डावा उलटा. माझं मत: तुम्हाला असं झाड हवं जे उन्हाळ्यात सावली देईल आणि थंडीत बाजूला होईल. देवचाफा. पांढऱ्या फुलांचा, पिवळ्या पोटाचा. थंडीत पानं गाळून नुसत्या खारकेच्या रंगाच्या फांद्या उरतात, ऊन आरपार खाली येतं. मार्चनंतर पालवी, उन्हाळाभर फुलं. मुळं घराच्या पायाला त्रास देत नाहीत, पाणी कमी लागतं, छाटलं तर चालतं. उत्तरेच्या पट्टीत, ईशान्य कोपऱ्यात लावा.

काय लावू नका तेही सांगते. शेवगा अजिबात नको, पावसाळ्यात खोडावर सुरवंटांचे झुपके बसतात, एकदा अंगाला लागले की आठवडाभर खाजवत बसाल. सोनचाफा जमिनीत नको, तो वृक्ष होतो. हवाच तर कलमी घ्या आणि ड्रममध्ये वाढवा. भिंतीच्या फटीत उंबर किंवा पिंपळ उगवला असेल तर बोटाएवढा असतानाच काढा, मोठा झाला की भिंत त्याची होते.

निफाडचा_द्राक्षवाला

मी म्हणतो मांडव घाला आणि द्राक्षाचा वेल चढवा. नाशिककरांच्या चौकात द्राक्ष नाही म्हणजे काय!

घमेलं

दादा, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी तुम्ही येऊन करणार का? आणि भुरी-डाऊनी या रोगांच्या फवारण्या पडवीत चहा पिताना?

निफाडचा_द्राक्षवाला

चेष्टा केली हो. बागेतच इतकं फवारतो की घरी नुसतं मनी प्लांट आहे. पण खरं सांगतो, ताईंकडे ऊनच नाही, वेल वाढेल, घड धरणार नाही.

चौकातली_तुळस

देवचाफा वाचून दाखवला. सासूबाई म्हणाल्या, "चाफा देवळात शोभतो. घराच्या दारात नको." यावर काय बोलणार? पारिजातक त्यांना चालेल म्हणतात.

घमेलं

पारिजातकाला नाही म्हणणार नाही, अर्धवट उन्हातही फुलतो आणि सकाळी सडा पडतो. पण श्रावणापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत रोज झाडावं लागेल, कोब्यावर फुलं चिकटून तपकिरी होतात. कोण झाडणार ते आधी ठरवा. :) शिवाय सहज दहा-बारा फूट जातो, कंपाउंडच्या बाहेर बोळात झुकतो, मग शेजाऱ्यांची बोलणी.

जमिनीचं राहिलं. भिंतीला चिकटून वाफा करू नका. भिंत जुनी आहे, ओल धरेल आणि आतल्या खोलीत पोपडे पडतील, मग चुलत दिरांशी वाजेल. फूटभर अंतर सोडा किंवा सरळ कुंड्या ठेवा. माती आणाल तेव्हा नुसती काळी आणू नका. शेतात ती सोनं आहे, पण कुंडीत पावसाळ्यात फुगून चिखल होते आणि एप्रिलमध्ये भेगा पडून कडेने पाणी सरळ खाली निघून जातं. मी निम्मा पोयटा, पाव भाग कुजलेलं शेणखत, उरलेल्या पावात कोकोपीट आणि विटांचा चुरा घेते. वरून मूठभर निंबोळी पेंड. पाव ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) पोयटा तुम्हाला रगड होईल, ट्रॉलीवाला अर्ध्या ब्रासच्या खाली येत नाही म्हणेल, शेजारणीला भागीदार करा.

दक्षिणेच्या सावलीत नेचे, सिंगोनियम, स्नेक प्लांट ठेवा. आणि नळाखाली अळू! सांडलेलं पाणी त्याला लागतंच. थंडीत तो जरा बसतो, मृगात पुन्हा उठतो, वड्यांपुरती पानं घरची. मात्र एप्रिल-मेमध्ये याच कोपऱ्यावर थेट ऊन येईल तेव्हा ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी नेट बांधा, नाहीतर नेच्यांचा कुरकुरीत पापड. नेटसाठी भिंतीला चार हुक आत्ताच मारून घ्या.

डास_नकोत

कुंड्यांखाली बशा ठेवणार असाल तर आठवड्यातून एकदा सगळ्या पालथ्या घाला. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. घंगाळात कमळ वगैरे करायचं मनात असेल तर त्यात गप्पी मासे सोडा.

चौकातली_तुळस

मंडळी, रविवार झाला. अहवाल देते.

खडूच्या रेघा मारल्या. मुलाने वेळ लिहायचं काम घेतलं, त्यामुळे १२:४५ च्या शेजारी एक डायनासोरही आहे. पाऊण वाजता सावली भिंतीपासून दहा फुटांना जरा जास्त. काका, आज जानेवारीची २० तारीख, म्हणजे तुमचा हिशोब जुळतो ना? उन्हात उरले जेमतेम चार फूट. तेही साधारण बारा ते अडीच. इतकी वर्षं या घरात आहे, पण ऊन नेमकं कुठे येतं हे मला सांगता आलं नसतं.

निवृत्त_ओव्हरसियर

जुळतो. महिन्याभरात सूर्य तीन-साडेतीन अंश वर आला, सावली सव्वा फूट मागे सरकली. २० फेब्रुवारीला आणि २० मार्चला पुन्हा रेघा मारा, वेगळ्या रंगाच्या खडूने. डायनासोर पुसू नका.

चौकातली_तुळस

आता खरी बातमी. सोमवारी गवंडी आणला. तो सगळा कोबा फोडून शहाबादी टाकू म्हणत होता, मी म्हटलं आधी फक्त आग्नेय कोपरा, दोन बाय दोन. दीड इंचाचा कोबा निघाला, खाली मुरूम, आणि त्याच्या खाली काळ्या दगडाची फरशी! टाकीच्या घावांनी घडवलेली, एकेक दगड हातभर, सांध्यात चुना. गवंड्याने पाण्याची बादली ओतली तर पाणी सरळ कोपऱ्याकडे पळालं. ढाळ शाबूत आहे. कोपऱ्यात दगडाला पेल्याएवढं भोक, त्यात सिमेंट ठासलेलं. तारेने आणि छिन्नीने दोन तास उकरल्यावर गुडगुड आवाज आला आणि साचलेलं पाणी गेलं. कुठे गेलं ते बोळात जाऊन बघितलं, कंपाउंडच्या पायथ्याशी ज्या दगडी तोंडाला आम्ही उंदराचं बीळ समजत होतो तिथून बाहेर.

सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, "हे मामंजींनी बुजवलं. सायकल अडकायची म्हणून."

आता पूर्ण कोबा काढतोय. शहाबादीचे पैसे वाचले, मजुरी वाढली. भोकावर पितळी जाळी बसवते.

निवृत्त_ओव्हरसियर

उत्तम. कोबा फोडताना ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोड्यानेच. सांध्यात सिमेंट भरू नका, चुना-वाळूच भरा. आणि जाळी उचलता येईल अशी ठेवा, पहिल्याच पावसात पानं अडकणार आहेत.

घमेलं

अहो, दगडाच्या सांध्यात कुठेकुठे माती भरून दूर्वा लावा, उत्तरेच्या पट्टीत. लॉनची हौस तेवढीच फिटेल, आणि गणपतीला विकत आणाव्या लागणार नाहीत.

चौकातली_तुळस

हे फार आवडलं. ठरलं ते असं: ईशान्येला तुळस, तिच्याजवळ मोगऱ्याच्या दोन कुंड्या, दक्षिणेला नेचे आणि नळाखाली अळू, पडवीच्या खांबावर जुई. मध्ये काही नाही, दगडच दिसू दे, सायकल तिथे.

आणि चाफा. त्याचा तह झाला आहे. सासूबाईंचं म्हणणं, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावला तर तो "दारात लावला" असं होत नाही, ठेवला असं होतं. काल संध्याकाळी देवळातून येताना त्या स्वतःच हातभर फांदी घेऊन आल्या, गुरवाला विचारून. टोकाला चीक गळतो आहे, मी घाबरून पाण्याच्या बादलीत उभी केली आहे. आता पुढे काय?

घमेलं

पाण्यातून काढा आधी! आत्ताच. पानं असतील तर खुडा, फांदी पडवीत सावलीला आडवी ठेवा, पंधरा दिवस तिच्याकडे बघूसुद्धा नका. कापलेलं टोक सुकून पांढरट, टणक झालं पाहिजे. मग वाळू जास्त घातलेल्या मातीत चार बोटं खोल रोवा, काठीला बांधा, एकदाच पाणी घाला आणि पालवी फुटेपर्यंत माती जवळजवळ कोरडीच ठेवा. ड्रमला खाली पाच-सहा भोकं पाडायला विसरू नका. चीक हाताला लागला असेल तर साबणाने धुवा, डोळ्याला हात लावू नका.

चौकातली_तुळस

काढली. पडवीत ठेवली आहे, वर वर्तमानपत्र टाकलंय. मुलगा विचारतोय, ती झोपली आहे का.