मदत हवी आहे : आजोबांची ठासणीची बंदूक आणि शिंगातली दारू

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आजोबांकडे रानडुकरं हाकलायला परवान्याची ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची) होती. ते गेले आणि आता माळ्यावरून ती खाली आली, सोबत शिंगात थोडी बंदुकीची काळी दारूही.

खरी काळजी पुढे आहे. गज (बार ठासायची काठी) नळीत हलकेच सोडला तर तो बाहेरून मोजलेल्या लांबीपेक्षा चार बोटं अलीकडेच थांबतो. म्हणजे आत बार, म्हणजे दारू-गोळी, भरलेला असणार. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं पेट घेऊ शकते, त्यामुळे ठिणगी पाडणारी टोपी बसते त्या जागी हात लावलेला नाही, घासलंही नाही. तोंड भिंतीकडे करून खोलीला कुलूप घातलंय. काकांचं म्हणणं, "शेतात नेऊन एकदा उडवून टाकू." गंजक्या नळीचा भरवसा कोण देणार? काकांना बोलायला काय जातं!

कायद्याचं एवढं कळलं : १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे परवानाधारक गेल्यावर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. पुरातन म्हणून सूट मिळते ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्राला.

भरलेली बंदूक मोटारसायकलवर नेणं पटत नाही. पोलिसांनाच घरी बोलवावं का? बार कोण काढतं? दारूही त्यांच्याकडेच द्यायची का? जळगाव-धुळ्याकडे कुणी वारसा परवाना करून घेतला असेल तर कागद कोणते लागले, तेही सांगा.