सातव्या मजल्यावरचे दाणे आणि आमच्या घरातला खोकला

मुलुंडकरीण

नमस्कार. आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या सात मजली इमारतीत सहाव्या मजल्यावर राहतो. प्रश्न कबुतरांचा आहे. पण तो निव्वळ कबुतरांचा असता, तर तो इथे मांडण्याची वेळ आली नसती.

माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून त्यांना कोरडा खोकला येत होता आणि लिफ्ट बंद असली की दोन मजले चढून ते कठड्याला धरून उभे राहत. आधी वयाचे, मग शेजारच्या बांधकामाच्या धुळीचे कारण सांगून आम्ही ते अंगावर काढले. अखेर छातीच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करायला लावली, आणि अहवाल हातात घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हा, की घराच्या आसपास कबुतरे आहेत का. आजाराचे नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. गोळ्या सुरू झाल्या आहेत. पण कबुतरांचा संबंध तुटला नाही तर गोळ्यांचा फारसा उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कबुतरे आहेत, आणि ती का आहेत हेही आम्हाला ठाऊक आहे. आमच्या डोक्यावरच्या घरात राहणाऱ्या काकू रोज सकाळी सातला खिडकीतून ज्वारी आणि चणाडाळ टाकतात. त्यातले निम्मे दाणे आमच्या छज्जावर आणि एसीच्या बाहेरच्या यंत्रावर पडतात, आणि पुढचे दोन तास तिथे पंखांची फडफड चालू असते. काका तीन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून हे सुरू झाले. २०२० मध्ये आम्हा नवरा-बायको दोघांनाही कोविड केंद्रात हलवले होते, तेव्हा याच काकूंनी बारा दिवस सासऱ्यांच्या आणि माझ्या मुलाच्या दोन्ही वेळच्या जेवणाचे डबे दाराशी ठेवले होते. त्यांच्याविरुद्ध अर्ज लिहायला माझा हात उचलत नाही.

बातम्यांनी हे प्रकरण आणखी अवघड करून ठेवले. जुलै २०२५ मध्ये मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, ६ ऑगस्टला आंदोलकांनी ती फाडली, आणि त्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर आरोग्याचा विषय बाजूला पडून कोण कुठला आणि कोणाचा धर्म काय, यावरच वाद झडले. ज्या समाजाला तेव्हा नावे ठेवली जात होती, त्या समाजाच्या काकू नाहीतच. त्या साताऱ्याकडच्या, घरात रोज भाकरी करणाऱ्या. पण आता कबुतर हा शब्द काढला तरी माणसे एकमेकांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

तर विचारायचे असे, की केवळ आमच्या खिडक्यांना जाळी बसवून भागेल का, सोसायटीकडे लेखी तक्रार करावी का, आणि काकूंशी बोलायचे झाले तर सुरुवात नेमकी कुठून करावी?

माजी सचिव, ठाणे

ताई, मी आमच्या सोसायटीचा नऊ वर्षे सचिव होतो, त्यामुळे आधी कागदाची बाजू सांगतो. इतर सभासदांना उपद्रव होईल असे कृत्य कोणत्याही सभासदाने आपल्या सदनिकेत करू नये, असे आदर्श उपविधींत आहे आणि त्याआधारे समिती नोटीस देऊ शकते. महापालिकेचा दंड ५०० रुपयांचा आहे. शिवाय उच्च न्यायालयाने जुलै २०२५ च्या अखेरीस, बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवण्यास मुंबई महापालिकेला सांगितले होते. म्हणजे कायद्याने तुमची बाजू भक्कम आहे.

पण भक्कम बाजू आणि सुटलेला प्रश्न यांत किती अंतर असते, ते मी पाहिले आहे. वरळीच्या एका सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या रहिवाशांनी वरच्यांविरुद्ध याच कारणासाठी दिवाणी दावा लावला होता. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण त्यासाठी कित्येक वर्षे गेली. तुमच्या सासऱ्यांच्या फुप्फुसांना तेवढी सवड नाही. आमच्याकडे मी फलकावर नाव न घालता सूचना लावली, तर दाणे टाकणाऱ्या गृहस्थांनी खिडकी सोडून पहाटे पाचला गच्ची धरली, आणि पाण्याच्या टाकीभोवती जी घाण झाली ती आधीपेक्षा वाईट होती. नाव नसलेल्या सूचनेचा आणखी एक तोटा असा, की ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळते आणि ज्याच्यासाठी आहे त्याला चारचौघांत बोलल्यासारखे लागते.

जाळीबद्दल म्हणाल तर जरूर बसवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. आमच्या तिसऱ्या मजल्याने जाळी लावली तेव्हा कबुतरे दुसऱ्या मजल्यावर गेली, दुसऱ्याने लावली तेव्हा ती पाइपांच्या डक्टमध्ये शिरली, आणि डक्ट तर प्रत्येकाच्या न्हाणीघराच्या खिडकीपाशी उघडतो. म्हणून समितीकडे अर्ज करायचाच असेल तर काकूंचे नाव न घेता डक्ट वरून बंद करून घेण्यासाठी करा. तो खर्च सोसायटीचा आहे आणि त्याला सहसा कोणी विरोध करत नाही. जाळी ताणण्यापूर्वी आत पिल्ले किंवा अंडी नाहीत ना, हे मात्र कारागिराकडून स्वतः बघून घ्या. आमच्याकडे एकदा पिल्लू आत आणि आई बाहेर अशी स्थिती झाली होती आणि ती दोन दिवसांची घालमेल मी विसरलेलो नाही.

पारवा

सर्वांच्या मतांचा आदर ठेवून वेगळे मत मांडतो. या शहरात चहूकडे इमारती पाडल्या आणि बांधल्या जात आहेत, सिमेंटच्या धुळीने खिडकीच्या काचा दुसऱ्या दिवशी पांढऱ्या होतात, आणि आपण मात्र एका पाखराला आरोपी करून मोकळे होतो. लाखो लोक कबुतरांच्या सहवासात जन्म काढतात आणि त्यांना काही होत नाही. आमच्या गावच्या विहिरीच्या कपारींत पिढ्यान्‌पिढ्या पारवे घुमत आले, त्याच विहिरीचे पाणी आम्ही प्यालो. कबूतर मूळचे कड्याकपारीतले. आपणच त्याला छज्जे, एसीचे कट्टे आणि डक्ट यांच्या रूपाने सिमेंटचे कडे बांधून दिले, आणि आता ते तिथे बसते म्हणून तक्रार करतो.

ताईंच्या सासऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे. परंतु त्यांचा आजार वरच्या खिडकीतूनच आला, हे इतक्या खात्रीने कसे म्हणता येते? काकूंना हे सांगण्यापूर्वी, एका एकट्या बाईवर आपण कसला भार टाकत आहोत याचा विचार व्हावा.

छातीचा आलेख

मी फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचण्या करणारी तंत्रज्ञ आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही. पण या खुर्चीवर बसून जे रोज दिसते ते सांगते.

पारवा यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे. हा आजार सहवासातल्या सगळ्यांना होत नाही. विष्ठेतली आणि पिसांवरच्या बारीक पांढऱ्या भुकटीतली प्रथिने श्वासावाटे आत गेल्यावर काहींच्याच शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते, आणि त्या झटापटीत नुकसान फुप्फुसाचे होते. कारण नेहमी कबूतरच असते असेही नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणी-अभ्यासात फुप्फुसांच्या जाळीचे आजार असलेले १,०८४ रुग्ण होते. त्यांतल्या सुमारे ४७ टक्क्यांना ताईंनी लिहिलेलाच आजार निघाला, आणि त्यांच्या बाबतीत पक्ष्यांपेक्षाही अधिक वेळा बोट दाखवले गेले ते घरातल्या एअर कूलरकडे. तेव्हा ताई, घरात कूलर असेल, भिंतीला ओल येऊन बुरशी धरली असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मात्र विहिरीतला पारवा आणि एसीच्या यंत्रावरचे कबूतर यांची तुलना मला पटत नाही. विहीर उघड्यावर असते आणि आपण तिच्यापाशी पाणी शेंदण्यापुरते जातो. इथे वाळलेल्या विष्ठेची पूड खिडकीच्या चौकटीवर साचते, वाऱ्यासरशी आत येते, आणि माणूस त्याच खोलीत रात्रभर झोपतो. सुरुवातीला संबंध तुटला तर फुप्फुस बऱ्याच अंशी सावरते. तो वर्षानुवर्षे चालू राहिला तर आत व्रण धरतात आणि व्रण धरलेला भाग पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. मग नळीत फुंकताना रुग्ण सगळा जोर लावतो, आणि आलेखाची रेघ मात्र मध्येच थांबते. नातेवाईक शेजारी उभे राहून ‘आणखी जोर लावा, आणखी जोर लावा’ म्हणत असतात. मला त्यांना गप्प करावे लागते.

एक व्यवहाराची गोष्ट. छज्जावरची घाण कोरडी झाडू नका. आधी पाणी मारून पूर्ण भिजवा, एन-९५ मास्क लावा, आणि ते काम चालू असताना सासऱ्यांना घराबाहेर ठेवा. शक्य असेल तर त्यांचा पलंग त्या खिडकीच्या खोलीतून आजच हलवा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

जुनी दाणेवाली

मी अकरा वर्षे कबुतरांना दाणे घातले. आता घालत नाही. त्यामुळे तुमच्या काकूंच्या बाजूने चार शब्द लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे वाटते.

दाणे घालणाऱ्या बाईला लोक भोळी समजतात किंवा हट्टी. खरे कारण त्याहून साधे असते. सकाळी सात वाजता तुमची कोणीतरी वाट बघत असते. मुले परदेशी, नवरा गेलेला, दाराची घंटा वाजली तर ती कुरिअरवाल्याची. आणि इथे खिडकी उघडण्याआधीच कठड्यावर ओळीने बसून घुमणारी वीस-पंचवीस पाखरे. लंगडे कोणते, मानेवर हिरवट झाक जास्त कोणाची, हे सगळे पाठ होते. चार काड्या टाकून केलेल्या त्या गबाळ्या घरट्यात दोनच अंडी असतात, सतरा-अठरा दिवसांत पिल्ले येतात, नर आणि मादी दोघेही गळ्यातले दूध पाजतात, आणि महिनाभरात ती उडतात, हे मी पुस्तकात वाचलेले नाही. पोटभर खायला मिळाले की वर्षभर वीण चालू राहते, आणि तिथेच माझे डोळे उघडले. मी सुरुवात केली तेव्हा आठ-दहा कबुतरे होती. ती शंभरावर गेली ती माझ्या ज्वारीने, हे मला फार उशिरा उमगले. शहरात कबुतरे वाढल्याचे पक्ष्यांची गणना करणारेही सांगतात. २०२३ च्या देशव्यापी अहवालात भरभराट झालेल्या मोजक्या पक्ष्यांत त्यांचे नाव आहे.

काकूंना ‘दाणे टाकणे बंद करा’ असे पहिल्या वाक्यात म्हणू नका. सासऱ्यांना सोबत न्या आणि त्यांनाच बोलू द्या. मला माझ्या सुनेने बातम्यांची कात्रणे दाखवली होती, भाच्याने दंडाची भीती घातली होती. त्या दोघांवर मी फक्त चिडले. खालच्या घरातली आठ वर्षांची मुलगी नाकाला पंप लावून जिन्यात बसलेली दिसली, त्या दिवशी घरी येऊन मी ज्वारीचा डबा रिकामा केला. तिला दमा होता आणि त्याचे कारण मीच होते की नाही, हे मला कोणी सांगितले नाही, आणि मी विचारलेही नाही.

पाखरे उपाशी मरतील ही भीती काकू बोलून दाखवतील. तीन आठवडे ती येऊन बसत राहिली, काचेवर चोच मारत राहिली, मग हळूहळू पांगली. मरून पडलेले मला एकही दिसले नाही. ते तीन आठवडे मात्र कोणीतरी सकाळी काकूंच्या घरी चहाला जावे, ही माझी विनंती आहे.

पारवा

जुनी दाणेवाली यांच्या लिखाणापुढे माझा युक्तिवाद लटका पडतो, हे मान्य करतो. तरी एक सूचना करतो. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस महापालिकेने सकाळी ७ ते ९ या वेळेत दाणे घालण्यासाठी ज्या चार जागा तात्पुरत्या नेमून दिल्या, त्यांतली एक ऐरोली-मुलुंड जकात नाक्याच्या परिसरातच आहे. वरळी, अंधेरी आणि गोराईच्या जागांपेक्षा ताईंना तीच जवळची. काकूंना तिथे घेऊन जाता येणार नाही का?

मुलुंडकरीण

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांचा पलंग त्याच संध्याकाळी आतल्या खोलीत हलवला. घरात कूलर नाही, पण माळ्यावरच्या भिंतीला ओल आहे, ती डॉक्टरांना सांगितली. डक्टसाठीचा अर्ज समितीने स्वीकारला आहे.

जकात नाक्याची कल्पना माझ्या नवऱ्यालाही सुचली होती. पण काकूंचे गुडघे पाहता रोज रिक्षा करावी लागेल, आणि तिथल्या रहिवाशांनाही छाती आहेच.

रविवारी सासरे आणि मी वर गेलो. बाबा फारसे बोलले नाहीत. जिना चढून गेल्यामुळे त्यांना बोलताच येत नव्हते. काकूंनी त्यांना पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला, आणि ‘मला आधी का नाही सांगितलंत?’ असे म्हणून माझ्यावरच रागावल्या. त्यांनी दाणे बंद केले असे मी लिहिणार नाही. काल सकाळी छज्जावर दाणे पडले, पण मूठभरच. आज पडले नाहीत. निघताना त्यांनी मला एकच विचारले, ‘मग सकाळी सातला मी काय करू?’ मला काही सुचले नाही. उद्या चहाचे भांडे घेऊन वर जाणार आहे, आणि कबुतरे काचेवर चोच मारू लागली तर काय बोलायचे ते अजून ठरलेले नाही.

जुनी दाणेवाली

काही बोलू नका. पडदा ओढून घ्या आणि चहात आले जरा जास्त घाला.